शेवटचं पाणी

आमच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत एक गृहस्थ होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण चारचौघांत कुणी घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. सगळे त्यांना साडेसहा म्हणायचे. मीही तोंडावर "अहो साडेसहा" अशीच हाक मारायचे आणि ते शांतपणे "बोला बाई" म्हणायचे. मी तिथं अकरा वर्षं सुपरवायझर होते. त्यातली दहा वर्षं या माणसानं माझं डोकं खाल्लं. उरलेल्या वर्षात त्यांनी काय केलं ते सांगायला आज बसले आहे. आधीच सांगून ठेवते, मला गोड बोलता येत नाही. माझी आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, पण काटे मात्र भरपूर आहेत. तेव्हा आभार मानतानाही थोडं ओरबाडलं जाणार, त्याला इलाज नाही.

लॉन्ड्री तळघरात होती. वर सात वॉर्ड, खाली आम्ही नऊ जणं. वरून लोखंडी नळकांड्यातून मळक्या कपड्यांची गाठोडी धप्प धप्प पडायची. ती सोडायची, रक्ताचं वेगळं, औषधाचं वेगळं, साधं वेगळं करायचं आणि साठ साठ किलोच्या चार मशीनांत भरायचं. मग गरम पाणी, सोड्याची पावडर, ब्लीच आणि तीनदा साधं पाणी. सगळ्यात शेवटच्या पाण्यात एक पातळ आम्ल टाकायचं. त्या निळ्या ड्रमवर त्याचं लांबलचक नाव छापलेलं होतं, पण आम्ही त्याला नुसतं 'आंबट' म्हणायचो. सोडा कपड्यातला मळ काढतो, पण स्वतः मात्र तिथंच मुक्काम ठोकतो. त्याला बाहेर काढायला हे आंबट.

साडेसहांची जागा त्या शेवटच्या पाण्यावर. मशीन थांबलं की ते दार उघडायचे, चादरीचं एक टोक ओढायचे, पिळायचे आणि पडलेला थेंब कागदाच्या बारक्या पट्टीवर घ्यायचे. पट्टीचा रंग बदलायचा. मग ती डबीवरच्या रंगांशेजारी धरून, एक डोळा मिटून, लग्नासाठी मुलगी बघायला आल्यासारखे बघत बसायचे. "पावणेसात. जाऊ द्या." किंवा "साडेसात. अजून एक पेला आंबट." कपड्याचा पीएच साडेसहाच्या आसपास आल्याशिवाय एक रुमालसुद्धा इस्त्रीकडे सरकू द्यायचे नाहीत. आकडा लगेच वहीत. वरून वॉर्डचे फोनवर फोन, "चादरी कुठे आहेत," आणि मी इथं या बाबाच्या पट्टीचा रंग बदलायची वाट बघत उभी. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

मोठ्या इस्त्रीवर एक बाई होती, दिवसभर बडबड करायची म्हणून तिला चिमणी म्हणायचे. ती म्हणायची, "साडेसहा घरी चहासुद्धा पट्टी बुडवल्याशिवाय पीत नसतील." एकदा त्यांची बायको डबा द्यायला आली, तेव्हा चिमणीनं तिलाच विचारलं. ती माउली म्हणाली, "चहाचं सोडा हो, लग्न झाल्यापासून मला साडेसहावर आणायचं चाललंय. अजून जमलेलं नाही." आख्खी लॉन्ड्री हसली. सगळ्यांत जास्त ते स्वतः हसले.

साडेसहांचं शिक्षण सातवीपर्यंत. तरुणपणी सोळा वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात होते. तिथल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं त्यांना हा नाद लावला. रंग तोच, कापड तेच, पण कढईतल्या पाण्याचा आकडा हलला की रंग डागाळून बसतो, एवढं ते तिथं शिकले. आणि तिथंच त्यांचे हात गेले. म्हणजे हात होते जागेवर, पण सोळा वर्षं सोड्याच्या पाण्यात बुडवून बुडवून कातडीच्या पापुद्र्यावर पापुद्रे निघून गेले होते. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. आमच्याकडे हजेरीला अंगठा लावायचं मशीन आलं, तर ते यांना ओळखायलाच तयार नाही. रोज सकाळी ते "पुन्हा प्रयत्न करा" म्हणायचं आणि साडेसहा त्याला म्हणायचे, "तूच कर बाबा." शेवटी त्यांना कागदावर सही करायची परवानगी मिळाली.

त्यांनी मला तो पीएच शिकवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा दुपारी मशीन बंद पडलं होतं, तेव्हा मला पकडलं. म्हणाले, "बाई, शून्यापासून चौदापर्यंत आकडे. सात म्हणजे मधोमध, ना आंबट ना सोड्याचं. खाली उतरत गेलं की आंबट वाढत जातं. लिंबू दोनाच्या आसपास. वर चढलं की सोडा. आपलं धुण्याचं पाणी अकराला. आणि माणसाची कातडी कितीला, सांगा."

"कातडी कशाला असायला हवी? ती काय सरबत आहे?"

"साडेपाचला. आपण सगळे थोडे आंबट आहोत बाई."

"काही जण जास्तच," मी म्हटलं आणि मशीनवाल्याला फोन लावायला गेले. पुढचं महत्त्वाचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. ते ऐकलं असतं तर मला हे लिहायला बसावं लागलं नसतं.

आता त्या सोमवारकडे येते.

शनिवारी माझी लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली, आमच्याच हॉस्पिटलात. मुलगी. बाराशे ग्रॅम. तिसऱ्या मजल्यावरच्या नवजात वॉर्डात काचेच्या पेटीत ठेवली होती. माझ्या तळहाताएवढी पाठ होती तिची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती हलत नव्हती आणि मीही हलत नव्हते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, वेळ काढून समजावून सांगायच्या. म्हणाल्या, "आजी, हिची कातडी अजून पुरती तयार झालेली नाही. आपल्या कातडीवर आंबटपणाचा एक पातळ थर असतो, तो जंतूंना बाहेर ठेवतो. हिचा तो थर बनायला काही आठवडे लागतील. तोवर कुठे सोललं, चीर पडली, तर जंतू थेट आत जाईल. आणि मग आमच्या हातात फार काही राहणार नाही. सध्या हिची कातडी सांभाळायची, एवढंच काम आहे."

मी मान हलवली. आंबटपणाचा थर म्हणाल्या, तेही ऐकलं. आणि ऐकून सोडून दिलं. मी दिवसाला हजार किलो कपडे धुणारी बाई, ते पोर कशावर झोपलं आहे हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

खाली कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की सगळ्या विचारणार, विचारलं की मी रडणार, आणि सुपरवायझर रडली की संपलंच सगळं. सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी कामावर गेले, तर दारातच साडेसहा उभे.

"बाई, आंबट संपलं. कंपनीतून फोन होता. नवा ड्रम दहा दिवस तरी येत नाही."

"मग साधं पाणी दोनदा जास्त द्या."

"पाण्यानं उतरणार नाही."

"का नाही उतरणार? आत्ता किती आहे?"

"तीन पाण्यांनंतर दहा."

"आणि तुम्हाला हवं साडेसहा. साडेतीन आकड्यांसाठी एवढं तोंड पाडून उभे आहात? अजून दोन पाणी द्या, आठावर येईल. आठ काय नि साडेसहा काय! ताप आहे का तो, दीड डिग्री चढला म्हणून गोळी द्यायला?"

आता हसू नका. मला खरंच तसंच वाटत होतं. मी तापमापक बघत मोठी झालेली बाई, मला आकडा म्हणजे आकडा. एक पायरी म्हणजे एक पायरी.

साडेसहांनी एक मग मशीनच्या पाण्याचा भरला आणि बादलीत ओतला. त्यावर नळाचे नऊ मग ओतले. ढवळलं. पट्टी बुडवून माझ्यासमोर धरली. "दहापट पाणी झालं बाई. आकडा बघा. एकच उतरला, तोही पुरता नाही. इथली प्रत्येक पायरी दहापटीची आहे. एक उतरायला दहापट पाणी, दोन उतरायला शंभरपट. तुमच्या दोन पाण्यांनी अर्धा आकडासुद्धा हलणार नाही. आणि नळाचं पाणीच मुळात आठाला आहे, ते आठाच्या खाली नेणार कसं? कॅन्टीनकडून व्हिनेगर मागवू, साहेबांना सांगून दुसऱ्या हॉस्पिटलातून एखादा ड्रम..."

सगळ्या जणी काम सोडून बघत होत्या. वर माझी नात पेटीत, खाली हा माणूस मला बादलीत गणित शिकवतोय. माझं डोकं फिरलं.

"व्हिनेगर? चादरींचं लोणचं घालायचंय का आता? ही लॉन्ड्री आहे, प्रयोगशाळा नाही!" आणि मी त्यांच्या हातातली ती पट्ट्यांची डबी काढून घेतली. माझ्या टेबलाच्या खणात टाकली आणि कुलूप लावलं. "दहा दिवस मोजायचं नाही. नवा ड्रम आला की मोजा काय मोजायचं ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, हीच तर पंचाईत होती त्या माणसाची. मग रिकामा झालेला मग नळावर उपडा घालून ते मशीनकडे गेले.

पुढचे दिवस मी कशी होते ते माझं मला माहीत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावर जायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, काचेबाहेर उभं राहायचं. लेक म्हणायची, "आई, आज दहा ग्रॅम वाढलं." मग मी खाली येऊन सगळ्यांवर ओरडायचे. चिमणीनं बुधवारी सांगितलं, "बाई, चादरी इस्त्रीतून पिवळट निघतायत." मी म्हटलं, "इस्त्री कमी तापव." शुक्रवारी ती म्हणाली, "बाई, माझ्या हातांची आग होतेय." मी म्हटलं, "तोंड कमी चालव, हातांना आराम पडेल." काय ही बोलण्याची रीत! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

साडेसहा त्या दिवसांत कामात असायचे, पण चार वाजता पाळी संपली की दिसेनासे व्हायचे. मला वाटलं, रुसलेत. रुसू देत म्हटलं.

दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी मेट्रन स्वतः तळघरात उतरल्या. त्या बाई कधी खाली यायच्या नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावर चादरींचं एक गाठोडं आपटलं.

"काय धुता काय तुम्ही? तीन नंबर वॉर्डात चौदा जणांच्या पाठी लाल झाल्यात. चार नंबरला लोक रात्रभर खाजवतात. पाच नंबरला एक आजी आहेत, कंबरेचं हाड मोडलंय, हलता येत नाही, त्यांची पाठ सोलून निघालीय. आधी वाटलं औषधाचं असेल, उकाड्याचं असेल. मग आमच्या एका सिस्टरनं चादर ओली करून हातात चोळली. बुळबुळीत लागते. साबण आहे चादरीत, साबण!"

चौदा जण मला ऐकू आले. आजी ऐकू आल्या. पण खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती एकच पाठ, तळहाताएवढी. मेट्रन बोलत होत्या आणि मी त्यांना तशीच सोडून जिन्याकडे धावले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तीन मजले पळत चढले. वर गेल्यावर दारातली सिस्टर म्हणाली, "हात धुवा आधी." दोन मिनिटं धुवायचे असा नियम. घड्याळ समोर. त्या दोन मिनिटांत मी जन्मभरात केली नसेल एवढी प्रार्थना केली. म्हटलं, माझी जीभ झडू दे, माझी नोकरी जाऊ दे, त्या पोरीची कातडी तेवढी सांभाळ.

"सिस्टर, तिची पाठ दाखवा मला."

"का हो, काय झालं?"

"दाखवा म्हणते ना!"

सिस्टरनं पेटीच्या भोकातून हात घातले आणि तिला हळूच कुशीवर केलं. मी काचेला नाक लावून बघितलं. पाठ, मान, ढुंगण, टाचा. कुठे लाल नाही. कुठे ओरखडा नाही. पारदर्शक, गुलाबी, अख्खी. जांघेतसुद्धा काही नाही. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

"अहो आजी, आमच्या वॉर्डात कुणालाच काही नाही," सिस्टर म्हणाली. "बाकी वॉर्डांत म्हणे फार झालंय. पण आमचे कपडे तुम्ही वेगळे धुता ना? रोज निळी चिठ्ठी लावून येतं आमचं गाठोडं. मी मेट्रनना म्हटलंसुद्धा, लॉन्ड्रीवाले लहान बाळांची केवढी काळजी घेतात."

मी अकरा वर्षं त्या लॉन्ड्रीची सुपरवायझर. मला कुठल्याही निळ्या चिठ्ठीची काही कल्पना नव्हती.

खाली आले. मोठ्या मशीनांच्या मागे एक अडगळीची खोली आहे, तिथं पूर्वी पडदे धुवायचं दहा किलोचं जुनं मशीन पडलेलं असतं. दार लोटलं. साडेसहा आत होते. खुंटीवर निळ्या कागदाच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. जमिनीवर व्हिनेगरच्या बाटल्या. आणि एका तारेवर चिंध्या वाळत घातलेल्या, काही पिवळ्या, काही लालसर तपकिरी.

"हे काय आहे?"

ते दचकले. मग चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "हळद आहे बाई. पट्ट्या तुमच्या खणात. मग बायकोनं आठवण करून दिली, हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो. चिंधी हळदीत बुडवून वाळवायची. त्यावर शेवटच्या पाण्याचा थेंब टाकायचा. लाल झाली तर सोडा आहे अजून. पिवळीच राहिली तर जाऊ द्यायचं. व्हिनेगर कॅन्टीनच्या आचाऱ्यानं दिलं. ब्लीच मी यात घालतच नाही, ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. नुसतं उकळतं पाणी, पावडर, चार वेळा साधं पाणी आणि मग पेलाभर व्हिनेगर." थोडं थांबून ते ओशाळून म्हणाले, "पण हळद साडेसहा दाखवत नाही हो. आठाच्या खाली गेलं की ती गप्पच बसते. सहा आहे का सात आहे, काही पत्ता नाही. दहा दिवस धड झोप नाही मला."

"पहिल्या दिवसापासून करताय?"

"सोमवारी दुपारपासून. आधी साहेबांकडे गेलो होतो. ते म्हणाले, सुपरवायझरचं ऐका. मग म्हटलं, निदान एवढं तरी. या मशीनमधून चार ते सात या वेळात एका वॉर्डाचे कपडे निघतात. एकाच. कुठला घ्यायचा ते बराच वेळ ठरवता येईना. मग म्हटलं, मोठी माणसं ओरडतील तरी, तक्रार करतील. ती पोरं कुणाला सांगणार?"

मी म्हणाले, "साडेसहा, माझी नात आहे तिथं."

"कुठं?"

"त्या वॉर्डात. पेटीत. अकरा दिवस झाले."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. "अहो बाई! मग बोलला नाहीत? कशी आहे? वजन वाढतंय का?"

मी त्यांचा अपमान केला होता चारचौघांत. डबी हिसकावली होती. आणि हा माणूस मला नातीचं वजन विचारत होता. मी त्यांचे दोन्ही हात धरले. जवळून बघितलं तर बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या आणि त्यांत व्हिनेगर मुरलेलं. काय आग होत असेल! मी त्यांच्या हातांवर डोकं टेकवलं आणि रडले. कारखान्याच्या भोंग्यासारखी रडले म्हणाना. "तुम्ही माझं पोर वाचवलंत हो," एवढंच सारखं म्हणत होते.

त्यांनी मला रडू दिलं. मग हात सोडवून घेतले आणि म्हणाले, "बाई, ते ठीक आहे. पण वर अजून सहा वॉर्ड आहेत."

मी डोळे पुसले. टेबलाशी मेट्रन अजून उभ्या होत्या, लालबुंद. मी त्यांना सांगितलं, आंबट बंद झालं आणि मोजणं मी बंद केलं. या माणसानं मला बादलीत करून दाखवलं होतं, मी ऐकलं नाही. दुसऱ्या कुणाचा यात काही दोष नाही. जे करायचं ते माझं करा. मेट्रन म्हणाल्या, "तुमचं काय करायचं ते नंतर बघू. आधी चादरींचं काय करायचं ते बोला." मी साडेसहांकडे बघितलं. ते बोलले. दुपारपर्यंत दुसऱ्या हॉस्पिटलातून एक ड्रम आला. मी खणाचं कुलूप काढून पट्ट्यांची डबी त्यांच्या हातात ठेवली. त्या दिवशी आम्ही नऊच्या नऊ जणांनी दोन पाळ्या केल्या, दुसऱ्या दिवशीही. हॉस्पिटलातली एकूण एक चादर पुन्हा पाण्यातून निघाली आणि एकही साडेसहा बघितल्याशिवाय सुटली नाही. नोकरी राहिली माझी. सुपरवायझरकी गेली. रास्त झालं. मी स्वतः मागून शेवटच्या पाण्यावर त्यांच्या हाताखाली गेले आणि ते निवृत्त होईपर्यंतचे आठ महिने पट्टी धरायला शिकले.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी स्वच्छ चादरींची पहिली गाडी तयार झाली, तेव्हा साडेसहा म्हणाले, "वॉर्डबॉयला नको. आपणच घालून येऊ." मला कळलं ते काय म्हणतायत. गेले. तीन नंबर, चार नंबर. प्रत्येक खाटेशी चादर बदलायची आणि प्रत्येकाला सांगायचं, चूक लॉन्ड्रीची होती, माझी होती. कुणी चिडलं. एका ड्रायव्हरनं चांगलंच झापलं, मी खाली मान घालून ऐकलं. कुणी नुसतं कुशीवर वळलं.

पाच नंबरला त्या आजी होत्या. शहात्तर वर्षांच्या, पाखरासारखं अंग. सिस्टरनं त्यांना धरून कुशीवर केलं आणि मी त्यांची पाठ बघितली. ती कशी होती ते मी लिहिणार नाही. मी नवी चादर घातली, सुरकुती राहू दिली नाही. त्यांना त्यावर टेकवलं. त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. "आहाहा. किती बरं वाटतंय ग. देव तुझं भलं करो."

"नका म्हणू असं," मी म्हटलं. "तुमची पाठ माझ्यामुळे गेली." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. डबी, कुलूप, नात, पेटी, सगळं. कसं सांगितलं कोण जाणे, धड वाक्यं नव्हती.

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग विचारलं, "पोरीची पाठ चांगली आहे?"

"हो."

"कुठे काही नाही ना? नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. काही नाही."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि गादीवर हात फिरवत राहिल्या. "माझी काय, जुनी कातडी आहे. येईल परत."

खाटेचा कठडा धरून मी तशीच थांबले. साडेसहांनी पलीकडून गाडी ओढली, पुढची चादर उचलून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "चला बाई. अजून एकोणीस खाटा आहेत."